‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारूच कसं शकतं कुणी?

११,००० रुपये मोजले आणि २१ दिवस वाट पाहिली, तेव्हा कुठे दादाच्या जुन्या मॅकमधल्या (ॲपलच्या कॉम्प्युटरमधल्या) बंद पडलेल्या हार्ड डिस्कवरचा डेटा परत मिळाला. दुकानदाराने तो नव्या डिस्कवर भरून दिला. बाबांनी ती अमरावतीला घरच्या विंडोज कॉम्प्युटरला लावली आणि स्क्रीनवर काय यावं? ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

बाबा ७३ वर्षांचे आहेत. त्यांचा मला पुण्याला फोन आला, "हे फॉरमॅट करा म्हणून राह्यलं. करू काय बेटा?"

फॉरमॅट करणं म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं. माझे हातपाय गार पडले. त्या डिस्कवर आमच्या आजीचा आवाज आहे. २०१३ च्या दिवाळीत दादाने तिला समोर बसवून वऱ्हाडीतल्या गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. पुढच्या दिवाळीला आजी नव्हती. दुसरी प्रत कुणाकडेही नाही. बाबांनी त्या दिवशी फोन न करता बटण दाबलं असतं तर?

‘मला ही डिस्क वाचता येत नाही, दुसऱ्या सिस्टीमची दिसते’ एवढं एक वाक्य लिहायला काय जातं? डिस्क चांगली होती, आतल्या फायली जागच्या जागी होत्या. अडाणी होतं ते समोरचं मशीन, आणि स्वतःला वाचता येत नाही म्हणून ते आमची वही पुसायला निघालं होतं! घराघरांत म्हातारी माणसं कॉम्प्युटर वापरतात. ती पडद्यावर लिहिलेलं खरं मानतात, सांगितलेलं बटण दाबतात. हा संदेश ज्यांनी लिहिला त्यांनी अशा एकाही माणसाचा विचार केला नाही, याची मला भयंकर चीड येते.

डिस्कवर फायली मांडून ठेवायची प्रत्येक सिस्टीमची आपली पद्धत असते. ही डिस्क एपीएफएस पद्धतीची होती. मॅकवर ही पद्धत २०१७ मध्ये आली, त्याआधी १९९८ पासून एचएफएस प्लस होती. विंडोजची एनटीएफएस १९९३ पासूनची. मॅकला एनटीएफएसची डिस्क वाचता येते, पण वरचं काही सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. विंडोजला मॅकची डिस्क आपणहून वाचतासुद्धा येत नाही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही तिसरी सिस्टीम आहे, तिच्या कर्नलमध्येही, म्हणजे मूळ गाभ्यातही, एपीएफएसची सोय नाही. एका कुटुंबात तीन कॉम्प्युटर, एक डिस्क, आणि डेटा हातात असूनही आम्ही उपाशी.

बाबांनी डिस्क पुण्याला पाठवली. मी मैत्रिणीकडे गेले, तिच्याकडे मॅक आहे. आधी बाबांच्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर दादाच्या लग्नाचा व्हिडिओ टाकायला घेतला. जागा भरपूर होती, तरी नकार. फाइल ५.८ जीबीची आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीचा. त्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिट एवढीच जागा, म्हणून ४ जीबीच्या वरची फाइल मावतच नाही. ही १९९६ सालची मर्यादा आजही दुकानातल्या कोऱ्या पेनड्राइव्हमधून आपल्या गळ्यात येते. एक्सफॅट ही नवी पद्धत २००६ मध्ये आली, तिच्यात ही अडचण नाही. पण तिचे तपशील सगळ्यांसाठी खुले व्हायला २०१९ उजाडलं. तेरा वर्षं! तोवर लोकांनी फायली तोडून, तुकडे करून नेल्या.

पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, व्हिडिओ आणि फोटो भरले, बाबांना पाठवले. दोन दिवसांनी पुन्हा फोन. प्रत्येक फोटो दोनदा दिसतोय आणि त्यातला एक उघडतच नाही. मॅक अशा डिस्कवर फायलीबरोबर स्वतःची एक चिठ्ठी ठेवतो, नावाच्या आधी टिंब आणि अधोरेषा लावून. मॅकवर ती लपलेली असते, विंडोजवर उघडी पडते. बाबांना वाटलं अर्धे फोटो खराब झाले. दोन दिवस त्यांनी ते मनात ठेवलं, मला सांगितलंसुद्धा नाही.

पण माझा खरा संताप पुढचा आहे.

आजीचा ‘वऱ्हाडी गोष्टी’ हा फोल्डर मी नेटवर्कवरून माझ्या लिनक्सवर घेतला. आत तारखेच्या नावाचे फोल्डर. दादाने मॅकवर ‘३/११/२०१३’ लिहिलं होतं, माझ्याकडे ते ‘३:११:२०१३’ झालं, आणि विंडोजला नावात तिरकी रेघही चालत नाही, विसर्गचिन्हासारखी ती दोन टिंबंही नाहीत. बरं, तेही बदलू. मग मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, शोधायला टाइप केलं, ‘वऱ्हाडी’. काहीच नाही. फोल्डर डोळ्यांसमोर, नाव अक्षरन् अक्षर तेच, आणि मशीन सांगतंय की असं काही नाही.

दोष निघाला ‘ऱ’मध्ये. मी कीबोर्डवर ‘ऱ’ दाबते तेव्हा ते एकच अक्षर असतं, तीन बाइटचं (बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीचं माप). जुन्या मॅकची एचएफएस प्लस नाव साठवताना त्याची फोड करायची: आधी ‘र’, मग खाली नुक्ता, म्हणजे टिंब. सहा बाइट. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेताच्या नियमाने दोन्ही एकच, डोळ्यांनाही एकच, पण लिनक्स नुसते बाइट जुळवतं. त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द! मी पुन्हा ‘वऱ्हाडी गोष्टी’ नावाचा फोल्डर केला तर तोही मुकाट्याने शेजारी झाला. एकाच नावाचे दोन फोल्डर, एक भरलेला, एक रिकामा. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, ‘सांगणाऱ्या’, ‘करणाऱ्या’... मराठीत हे अक्षर पावलोपावली लागतं. मराठीत नावं देणाऱ्या माणसानेच हा भुर्दंड का सोसायचा?

आणि ज्या फायलींची नावंच गेली त्यांचं काय सांगू? जुन्या डिस्कवरची फायलींच्या नावांची यादी जिथे खराब झाली होती तिथे दुकानदाराच्या सॉफ्टवेअरने नुसत्या फायलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या उचलल्या. त्यामुळे ‘एफ०४८२९१३’ अशी नावं. फोटोंच्या पोटात काढल्याची तारीख असते, ते लागतील मार्गी. आवाजाच्या ४१ फायली आहेत, त्या एकेक ऐकायच्या. कालपर्यंत सात झाल्या. सहाव्यात आजी दादाला विचारते, "सुरू हाय काय रे ते?" आणि मागे कुकरची शिट्टी.

नवी डिस्क घ्यायला परवा दुकानात गेले. सारख्याच आकाराचे दोन खोके, एकावर ‘मॅकसाठी’ असं छापलेलं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, आत वेगळं काय आहे? तो म्हणाला, "काही नाही मॅडम, फक्त फॉरमॅट."