सुशेगाद, पाद्री आणि राजकारण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार बाब. कमेंट रात्रीच वाचली होती पण तेव्हा डोकं तापलेलं, म्हणून उत्तर आत्ता सकाळी टाइप करतोय. एल साल्वाडोरमध्ये मारला गेलेला जेझुइट पाद्री आणि मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्तीन-बारो, त्याच्यावरच्या माझ्या पोस्टवर तुमचं म्हणणं असं, की जेझुइटांनी (कॅथलिक पाद्रींचा एक संघ) गोव्यात काय केलं ते माहीत असताना त्यांच्यातल्याच एकाची आरती कशाला ओवाळायची, आणि मानसशास्त्रज्ञाने पेशंट बघावेत, राजकारणात नाक खुपसलं की गोळी बसणारच. शिवाय त्याच्यासोबत मारलेल्या दोन बायकांची नावंसुद्धा मी दिली नाहीत.

इन्क्विझिशनवर (पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मछळावर) मी वाद घालणारच नाही. आमच्या कुळाचा देव रातोरात नदीपलीकडे न्यावा लागला, हे आजीकडून ऐकतच मोठा झालोय. पण तो हिशेब 1989 साली स्वतःच्या अंगणात मारलेल्या माणसाकडून कसा वसूल करायचा, सांगा.

आता ते पेशंट बघण्याचं. हा माणूस 1942 साली स्पेनमध्ये वायादोलिदला जन्मला, 1979 साली शिकागोत सोशल सायकॉलॉजीची डॉक्टरेट घेतली आणि परत गेला कुठे तर मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरला, जिथे जमिनी मूठभर लोकांच्या हातात आणि यादवी युद्ध पेटायच्या बेतात. तिथल्या शेतकऱ्याबद्दल शिकलेले लोक म्हणायचे, आळशी आहे, नशिबावर टाकून बसतो, स्वभावच तसा. बारो म्हणाला स्वभाव कसला, पिढ्यान् पिढ्या काहीही केलं तरी हाती काहीच लागत नसेल तर आशा न धरणं हे माणूस अनुभवातूनच शिकतो, आणि त्याने ते शिकलेलं मालकाला सोयीचंच असतं. मग एकट्याच्या डोक्यावर उपचार करून काय होणार?

आता आपल्याकडे बघा. गोंयकार म्हटलं की सुशेगाद, म्हणजे निवांत, आरामात राहणारा, हे टीशर्टवरही छापतात. 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या (2012 ला पण झालेल्याच) तेव्हा आमच्या डिचोलीकडे माझ्या मावसभावाचा खनिज वाहणारा ट्रक परसात उभा राहिला तो राहिलाच, हप्ते चालू, पावसाळ्यात दोडक्याची वेल बोनेटवरून केबिनपर्यंत चढली आणि वहिनी आरशाला लोंबणारे दोडके काढून भाजी करायची. पाव्हणे येऊन म्हणायचे, हा बसून खातो, हातपाय हलवत नाही. मी पण म्हणालोय एकदा, खोटं कशाला बोलू. (खाणींनी शेतांचं वाटोळं केलं हेही खरंच, तो विषय वेगळा.) बारो वाचला तेव्हा पहिली आठवण त्या ट्रकची आली, म्हणून ती पोस्ट.

आणि त्याचं राजकारण म्हणजे काय होतं? बंदूक नव्हे, सर्व्हे! 1986 साली त्याने तो शिकवायचा त्या जेझुइट विद्यापीठात जनमत चाचणीची संस्था काढली. सरकारी प्रचार वेगळाच चालू असताना लोकांना विचारलं, तर बहुतेकांना लढाई नको होती, बोलणी हवी होती. उत्तर द्यायलाही लोक घाबरायचे, तर त्याने त्या भीतीचाच अभ्यास केला. शनिवार-रविवारी हायाके गावात पाद्रीपण करायचा. गोळी आपोआप बसत नाही बाब, 16 नोव्हेंबर 1989 च्या पहाटे लष्कराची अत्लाकात्ल बटालियन विद्यापीठाच्या आवारात घुसली आणि सहा पाद्री मारले. स्पेनच्या कोर्टाने त्यातल्या पाच स्पॅनिश पाद्रींच्या खुनासाठी एका माजी कर्नलला 133 वर्षांची शिक्षा दिली ती 2020 साली, म्हणजे 31 वर्षांनी.

बायकांच्या नावांबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, माझी चूक. एल्बा रामोस जेझुइटांकडे स्वयंपाकपाणी बघायची आणि सेलिना तिची 16 वर्षांची मुलगी. शहरात लढाई चालू होती म्हणून सुरक्षित जागा समजून त्या रात्री तिथे झोपायला आल्या होत्या, आणि साक्षीदार नको म्हणून त्यांनाही मारलं. एल्बाचा नवरा ओब्दुलिओ तिथलाच माळी, जिथे प्रेतं पडली होती तिथे त्यानेच नंतर गुलाब लावले. दोघींची नावं मूळ पोस्टमध्ये आत्ताच घातली, पहिल्याच परिच्छेदात. बघून सांगा.