रिमॅप, बूस्ट आणि हेड स्टडने पिकअपचं टर्बो इंजिन बुलेटप्रूफ होत नाही, एकेक मुद्दा घेऊन बोलू

सध्या पिकअपवाल्यांमध्ये एक दावा जोरात फिरतोय. कंपनी म्हणे टर्बो डिझेल इंजिनात ताकद मुद्दाम दाबून ठेवते, ती मोकळी करायला रिमॅप करा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदला), बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब वाढवा, ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा उडवा, हेडला म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला मूळ बोल्टऐवजी जास्त मजबूत स्टड टाका, झालं, ३० टक्के पॉवर जास्त आणि इंजिन आयुष्यभर बुलेटप्रूफ. सोबत काळा धूर ओकणाऱ्या गाडीचा व्हिडिओ असतोच. यातल्या निम्म्या गोष्टी खऱ्या आहेत आणि म्हणूनच लोक फसतात. माझं म्हणणं सरळ आहे, दाव्यात कामांचा क्रमच उलटा लावलाय. आधी इंजिनाची तब्येत, मग थंडावा आणि हवा, आणि डिझेल वाढवायचं ते सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर वाढलेली पॉवर टिकते.

पहिला मुद्दा, "कंपनीने ताकद दाबून ठेवलीय". मार्जिन ठेवलेलं असतं हे खरंय, पण ते पडून नसतं. कडक उन्हाळा, पूर्ण लोड, लांबलचक चढ, उंचावरची विरळ हवा, अर्धवट चोंदलेला फिल्टर, डिझेल फवारणारं एखादं थकलेलं नोझल, हे सगळं एकाच दिवशी जमून आलं तरी इंजिन वाचावं म्हणून ते ठेवलेलं असतं. कारमध्ये आपण पूर्ण ताकद काही सेकंद वापरतो, ओव्हरटेक झालं की पाय वर. पिकअप मागे ट्रेलर लावून घाटात चढते तेव्हा सलग दहा-पंधरा मिनिटं जवळपास पूर्ण लोडवर असते, म्हणजे ते मार्जिन आपण रोजच वापरत असतो.

दुसरा मुद्दा बूस्टचा, आणि इथे थोडं थांबायला हवं कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. "बूस्ट दुप्पट म्हणजे हवा दुप्पट", असं नसतं. हवा दाबली की तापते. बाहेर २५ डिग्री सेल्सिअस हवा असेल आणि टर्बोने १ बार बूस्ट दिला, म्हणजे एकूण दाब दुप्पट झाला, तर कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्के धरली तरी हवा साधारण ११८ डिग्रीने बाहेर पडते. गरम हवा विरळ, त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा दीडपटच. तीच हवा इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीने) ५० डिग्रीवर आणली तर जवळजवळ १.८५ पट हवा मिळते, त्याच बूस्टवर, टर्बोला हातही न लावता. आता बूस्ट २ बारवर नेला तर हवा १८० डिग्रीच्या आसपास जाते, आणि छोटा मूळ टर्बो त्याच्या सोयीच्या टप्प्याबाहेर गेल्यावर कार्यक्षमता आणखी पडते, म्हणजे आकडा अजून वर.

वर तो छोटा टर्बो एक्झॉस्टची वाट अडवतो ते वेगळंच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोला नेणाऱ्या नळीतला दाब बूस्टच्या दुप्पट व्हायला लागला की समजायचं टर्बो आता इंजिनाचा गळा धरतोय, पिस्टनची बरीच मेहनत धूर बाहेर ढकलण्यातच जाते. म्हणून बूस्ट गेज एकट्याने काहीच सांगत नाही, आधी होज आणि क्लॅम्पची गळती तपासा. गळती असली की तोच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि तो लाखाच्या वर आरपीएमने फिरणारा पार्ट आहे, त्याला अजून पळवणं म्हणजे बेअरिंगचं आयुष्य कमी करणं.

तिसरा मुद्दा, "रिमॅप म्हणजे फुकटची पॉवर". रिमॅपला माझा विरोध नाही, चांगला रिमॅप उत्तम गोष्ट आहे, पण तो काय करतो ते बघायला पाहिजे. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. ४०० न्यूटन मीटर १५०० आरपीएमला मिळाले तर ६३ किलोवॅट होतात, तेच ३००० ला मिळाले तर १२६. कमी आरपीएमला जास्त पॉवर दाखवायची तर टॉर्क प्रचंड वाढवावा लागतो आणि टॉर्क म्हणजे सिलिंडरमधला दाब. स्वस्तातले ट्यून, म्हणजे असे रिमॅप, नेमकं हेच करतात कारण ट्रायल घेताना गाडी खालूनच जोरात उचलली की गिऱ्हाईक खुश, पण पिस्टनला धरणारे कनेक्टिंग रॉड वाकतात ते इथेच, हेड उचललं जातं ते इथेच, क्लच घसरतो तोही इथेच. टिकाऊ ट्यून खाली टॉर्क आवरतो, हळूहळू चढवतो आणि वाढ मधल्या आणि वरच्या आरपीएमला देतो. ट्यूनरला टॉर्कचा आलेख मागा, तो दाखवत नसेल तर तिथून निघा.

उष्णतेचंही तेच. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये मोजलेलं एक्झॉस्टचं तापमान सलग ७०० डिग्रीच्या वर राहिलं तर धोका सुरू होतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, पिस्टनच्या मिश्रधातूचं वितळणं तर त्याच्याही आधी सुरू होतं. पिस्टन वाचतो तो फक्त रिंगांमधून आणि खालून उडणाऱ्या ऑइलमधून उष्णता निघून जाते म्हणून, आणि ऑइलच गरम असेल तर तो आधारही गेला. त्यात एखादं नोझल गळत असेल तर बाकीचे सिलिंडर ठणठणीत असताना एकच पिस्टन जळतो, आणि गेजवर सरासरी दिसत असल्यामुळे ते कळतही नाही. म्हणून ट्यूनच्या आधी नोझल टेस्ट झालीच पाहिजे.

काळा धूर म्हणजे ताकद नाही. हवेअभावी न जळलेलं डिझेल आहे ते, आणि त्याची काजळी ऑइलमध्ये जाते.

आता ईजीआर आणि स्टड, हे दोन्ही एकत्रच घेतो कारण दाव्यात त्यांची जोडी असते. ईजीआर बंद केल्याने कमाल पॉवर वाढते हे बहुतेक इंजिनांच्या बाबतीत खोटं आहे, पूर्ण लोडवर तो व्हॉल्व्ह जवळपास बंदच असतो. इनटेकमधली काजळी कमी होते हे मान्य, पण बऱ्याच देशांत तो काढणं बेकायदेशीर आहे आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात ते आपल्याच श्वासात जातात.

या जोडीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोर्डच्या सुपर ड्युटी पिकअपमधलं २००३ ते २००७ चं ६.० लिटर पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिन. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) उडणारं इंजिन म्हणून बदनाम, आणि "स्टड टाका, ईजीआर काढा" हा मंत्र बराचसा तिथूनच पसरला. पण बिघाडाची साखळी नीट बघा. इंजिनाच्या मधल्या खोबणीत ऑइल कूलर बसतो, त्याच्या बारीक वाटा कूलंटमधल्या गाळाने आणि कास्टिंगच्या वाळूने चोंदतात. कूलंट तिथून पुढे ईजीआर कूलरला जातं, ते कमी पडलं की ईजीआर कूलर तापून फुटतो, पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, वाफेचा दाब वाढतो आणि मग हेड उचललं जातं. प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट, तेही एकदा ताणले की पुन्हा न वापरायचे, त्यामुळे स्टडचा फायदा इथे नक्कीच आहे. पण सुरुवात कुठे झाली? ऑइल कूलरला. स्टड टाकले, ईजीआर उडवला आणि कूलर तसाच ठेवला तर ऑइल तापतच राहणार, आणि या इंजिनाचे डिझेल फवारणारे इंजेक्टर त्याच ऑइलच्या दाबावर चालतात. इंजिन गरम झाल्यावर हायवेला एका वेगात चालवताना ऑइल आणि कूलंटच्या तापमानात ८ डिग्रीपेक्षा जास्त फरक दिसला तर कूलर चोंदलाय असं धरतात, ही तपासणी स्टडपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

आणि स्टड नुसते आवळून भागत नाही हो, हेड काढल्यावर सपाटी आणि चिरा तपासल्या नाहीत तर वाकड्या हेडवर स्टडही काही करू शकत नाही.

ओपन फिल्टरबद्दल थोडक्यात, आवाज वाढतो, बारीक धूळही आत जाते आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजतात. धुळीत चालणाऱ्या पिकअपला मूळ सीलबंद फिल्टर बॉक्स आणि चांगला कागदी फिल्टरच बरा.

मग करायचं काय? आधी कम्प्रेशन (सिलिंडर दाब किती धरतो) आणि ब्लो-बाय (रिंगांमधून खाली निसटणारा वायू) बघा, नोझल तपासा, कूलंट आणि ऑइल कूलर ठीक करा. मग मॅनिफोल्डमध्ये तापमानाचं गेज, त्यानंतर चांगला इंटरकूलर, पण इतका जाड नको की मागच्या रेडिएटरला वाराच मिळू नये. हे सगळं झाल्यावर माफक ट्यून. ट्यून झाल्यावर गाडी रिकामी पळवून खुश होऊ नका, नेहमीचा लोड भरून लांब चढावर न्या आणि गेज बघा. एक्झॉस्टचं तापमान एका आकड्यावर येऊन थांबलं आणि तो ७०० च्या खाली असेल तर ट्यून ठेवा, चढतच राहिलं तर परत जाऊन डिझेल कमी करून घ्या.