चंद्र : फॉरवर्डेड मेनी टाइम्स

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ असं विचारत हिंडते म्हणतात. हल्ली तिला दारोदार फिरायची गरज नाही. अकरानंतर कुठल्याही घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डोकावलं की कोण कोण जागं आहे ते समजतं. प्रत्येकाने आपापल्या गच्चीवरून चंद्राचा फोटो टाकलेला असतो आणि प्रत्येक फोटोत काळ्या आभाळात एक साबुदाणा असतो. खाली काकू लिहितात, ‘अय्या, किती छान!’ आणि मग घरात कॅमेरा बाळगणारा जो एकमेव पुतण्या, त्याला, म्हणजे मला, पुकारा होतो. ‘अरे, आमचाच असा का येतो रे?’

सांगायला माझी ना नाही. पण उपयोगाच्या गोष्टीला ग्रुपवर गिऱ्हाईक नसतं. शटर-स्पीडचा तक्ता टाकला की खाली शुकशुकाट. तेच ‘नासाने अवकाशातून टिपलेली भारतातली दिवाळी’ टाका, नमस्कारांचे हात धडाधड जोडले जातात. वास्तविक त्या रंगीबेरंगी चित्रात दिवाळीची एक पणती नाही. अमेरिकी हवामान उपग्रहांच्या नोंदींवरून २००३ साली बनवलेलं ते चित्र आहे. पांढरे ठिपके जुन्या वस्त्यांचे. निळे, हिरवे आणि तांबडे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ पर्यंत वाढलेल्या दिव्यांचे. २०१२ च्या दिवाळीत नासाने भारतावरची खरीखुरी रात्र टिपून दाखवली. ती इतर रात्रींसारखीच दिसते, म्हणून तिला कुणी फॉरवर्ड करत नाही.

तेव्हा मी मार्ग काढला. धडा द्यायचा तो खोट्या फोटोच्या पुडीत बांधून. कोजागरीला पुड्यांचा तुटवडा नसतो.

सर्वांत लाडकी पुडी म्हणजे ‘उत्तर ध्रुवावरचं दुर्मीळ दृश्य’. बर्फावर टेकलेला अजस्र चंद्र आणि त्याच्याखाली इवलासा सूर्य. हे संगणकावर रंगवलेलं चित्र आहे, आणि ते ओळखायला संगणक लागत नाही. पृथ्वीवरून सूर्य आणि चंद्र दोन्ही साधारण अर्ध्या अंशाचे दिसतात, म्हणूनच तर खग्रास ग्रहणात एक दुसऱ्याला नेमका झाकतो. हात ताठ करून करंगळी समोर धरा. कोजागरीचा चंद्र तिच्यामागे लपून जागा उरते. बायकोच्या माहेरचे ग्रुपवर असतील तर करंगळी कशासाठी दाखवताय ते आधी स्पष्ट करावं.

साबुदाण्याचं मूळ इथेच आहे. भिंगाची फोकल लेंग्थ (त्याचा मिलिमीटरमधला आकडा) भागिले ११० केली की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राचा व्यास मिळतो. फोनचं मुख्य भिंग फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या ३६ बाय २४ मिलिमीटर चौकटीच्या, हिशेबात २६ मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत चंद्र पाव मिलिमीटरचाही नाही. ४००० पिक्सेल रुंद फोटोत तो सुमारे २६ पिक्सेल व्यापतो. व्हॉट्सॲप नेहमीच्या दर्जात फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं, तेव्हा चंद्र उरतो ११ पिक्सेलचा. मग मावशी दोन बोटांनी तो मोठा करतात आणि विचारतात, ‘यात ससा कुठाय?’ ४०० मिलिमीटरच्या भिंगातून तोच चंद्र साडेतीन मिलिमीटरहून थोडा मोठा पडतो, चौकटीच्या उंचीच्या सातव्या हिश्श्याइतका. ससा तिथे सापडतो.

देवळाच्या शिखरामागे भला मोठा चंद्र दाखवणारे फोटो मात्र सगळेच खोटे नसतात. तिथे छायाचित्रकार लांब जाऊन उभा राहिलेला असतो. शिखराचा १० मीटरचा भाग चंद्राएवढा दिसायला हवा तर ११० पट, म्हणजे ११०० मीटर मागे सरकायचं. चंद्र कुठून, किती वाजता वर येणार ते स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या ॲपमध्ये फुकट पाहता येतं. फोटोपिल्स या छायाचित्रकारांच्या ॲपला पैसे पडतात, पण ते नकाशावर उभं राहायची जागाही दाखवतं. जागा हेरून ठेवा, कारण चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो आणि तेवढ्यात ट्रायपॉडचा पाय अडकलेला असतो. माझं ऐकाल तर हा फोटो चतुर्दशीलाच काढा. आदल्या दिवशी चंद्र पाऊण तास लवकर उगवतो, आभाळात उजेड असतो, देऊळही दिसतं आणि चंद्रही. पौर्णिमेच्या मध्यरात्री दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत, कुणी कितीही मसाला दूध प्यायलं तरी.

आता चंद्र पांढरा फटक का येतो? फोनला वाटतं रात्र आहे, तो नाइट मोड लावून सेकंद-दोन सेकंद उजेड गोळा करत बसतो. पण चंद्रावर तेव्हा भर दुपार असते! तो भर उन्हात पडलेला, डांबरी रस्त्याइतका काळसर खडक आहे. पूर्ण चंद्रासाठी एफ/११ (भिंगाचं तोंड किती उघडं ते) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला शटर १/१०० सेकंद उघडं, एवढंच लक्षात ठेवा. फोनचं भिंग एफ/२.८ चं असेल तर चार स्टॉप, म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळापट उजेड आत येतो, म्हणून प्रो मोडमध्ये (जिथे हे आकडे आपल्या हाताने लावता येतात) १/१६००. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की सूर्याची खूण खाली ओढा. आभाळ काळंठिक्कर पडेल, पडू द्या.

यावर आमच्यातल्या कुणाकडे तरी महागडा फोन असतोच, आणि त्याच्यातल्या चंद्रावर मात्र सगळे डाग ठसठशीत दिसतात. अशा वेळी मी २०२३ चा किस्सा पाठवतो. एका गड्याने चंद्राचा फोटो मुद्दाम अस्पष्ट करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि एका नामांकित कंपनीच्या फोनने त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले डाग फोनने भरून दिले. चंद्र ओळखला की शिकवलेले तपशील घालायचे, अशी त्याला दीक्षा दिलेली होती. किस्सा वाचून फोनचा मालक ग्रुप म्यूट करतो.

दुधातल्या चंद्राविषयी मी हळवा आहे, म्हणून थोडं सविस्तर. दुधाचा पृष्ठभाग जेमतेम २ टक्के प्रकाश आरशासारखा परतवतो, पण चंद्राला तेवढा पुरतो. फोटो बिघडतो तो फोकसमुळे. केशर-चारोळी दिसते तिथे बोट टेकवलं की फोकस वीतभर अंतरावर बसतो आणि चंद्राचा फुगा होतो, कारण प्रतिबिंबातला चंद्र दुधावर नसतो, तो आभाळातल्याइतकाच लांब असतो. फोकस अनंतावर न्या, म्हणजे चारोळी धूसर होईल. दोन्ही हवेत तर दोन फोटो काढून जोडा. पातेलं गॅसवरून उतरवा, वाफ जाऊ द्या, साय बाजूला करा आणि मुख्य म्हणजे गच्चीवरचा दिवा घालवा. आमच्या ग्रुपवरचे दुधातले बरेचसे चंद्र सोसायटीच्या वीजबिलात लागतात.

इतकं झाल्यावर कुणीतरी फर्मावतं, ‘मूळ फोटो पाठव, फ्रेम करायचाय.’ मग पिनेची खूण दाबून, गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडायचं. म्हणजे पिक्सेल शाबूत राहतात, शटर आणि आयएसओच्या नोंदीही राहतात. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर गच्चीचे अक्षांश-रेखांशही सोबत जातात, म्हणून अनोळखी माणसाला पाठवण्याआधी ते काढून टाकावेत. मी ही सूचना फोटोखाली नीट मराठीत लिहितो. उत्तर येतं, ‘डॉक्युमेंट मिळालं. सही कुठे करायची?’