योद्ध्यांची आंघोळ

शत्रूला धूळ चारणारे बहात्तर प्लास्टिकचे वीर माझ्या काचेच्या कपाटात उभे आहेत आणि बहात्तरच्या बहात्तर जण स्वतःच धूळ खात आहेत. यंत्रमानव, तलवारबाज, पंखवाले, शेपटीवाले, एक ड्रॅगन आणि ज्याचं नाव आता मलाही आठवत नाही असा एक हिरवा गृहस्थ. वर्षातून दोनदा मी त्यांची साफसफाई करतो. इतर लोक वर्षातून दोनदा आजारी पडतात, तसं.

‘कपाटाला दारं आहेत, मग धूळ येते कुठून?’ हे घरी येणारा प्रत्येकजण विचारतो. दोन काचांच्या मधे काडेपेटीतली काडी जाईल एवढी फट असते, तिथून. मी त्या फटीला फोमची पट्टी चिकटवली. धूळ कमी झाली, पण थांबली नाही. धूळ बसली की काय, हे बघायला मी दिवसातून दोनदा दार उघडतो आणि तेव्हा ती आत येते.

घरातल्या धुळीत काय काय असतं हे मी एकदा वाचलं, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं. कपड्यांचे तंतू, पायांबरोबर आत आलेली माती, आणि माणसांच्या अंगावरून सुटलेले कातडीचे कण. म्हणजे ड्रॅगनच्या पाठीवर जो करडा थर साचलाय, त्यात थोडा मीही आहे. त्या दिवसापासून मी ड्रॅगन पुसताना जरा अदबीने पुसतो.

सुरुवातीला मी अडाणी होतो. सुती फडकं घ्यायचं आणि खसाखसा घासायचं. योद्धा चकचकीत व्हायचा, मी समाधानाने मागे सरून बघायचो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर आधीपेक्षा जास्त धूळ. मला वाटायचं, धुळीचा माझ्यावर राग आहे. तसं नव्हतं. लहानपणी आपण फणी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो ना, तोच खेळ मी प्रौढ वयात कपाटभर मांडला होता. प्लास्टिक कोरडं घासलं की त्यावर विजेचा भार साचतो, आणि प्लास्टिकमधून वीज वाहून जात नसल्यामुळे तो तिथेच ठाण मांडून बसतो. मग खोलीत तरंगणारा कण न् कण आमंत्रण आल्यासारखा चिकटायला येतो. अंबर, म्हणजे झाडाचा डिंक जमिनीत गाडला जाऊन झालेला पिवळसर खडा, घासलं की हलक्या वस्तू त्याला चिकटतात, हे ग्रीकांना दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होतं. अंबराला ते ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत, आणि विजेचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. एवढं सगळं ज्ञान जगात पडून असताना मी सहा वर्षं कोरडं फडकं वापरलं.

शिवाय फडक्याला दुसरी खोड आहे. ते अडकतं. तलवारीच्या टोकाला, पंखाच्या काट्याला, हातातल्या भाल्याला. आपण ओढतो. भाला येतो, भाल्याबरोबर मनगट येतं.

फडकं सुटलं आणि ब्रशचं पर्व आलं. मऊ केसांचा ब्रश हवा, असं जाणकार सांगतात. घरात सगळ्यात मऊ ब्रश बायकोचा, गालांवर रंग फिरवायचा. ती बाहेर गेलेली बघून मी तो घेतला आणि खरं सांगतो, इतकं सुखाचं हत्यार दुसरं नाही. चिलखताच्या खाचांतली, शिरस्त्राणाच्या मागची, कानांमधली धूळ अलगद निघाली. काम झाल्यावर मी ब्रश जिथून घेतला तिथे, त्याच कोनात ठेवला. फक्त झटकायचा राहिला. दुसऱ्या दिवशी तिला एका लग्नाला जायचं होतं. पुढचं मी लिहीत नाही. आता माझा स्वतःचा ब्रश आहे.

त्यानंतर मी दाबाखालच्या हवेचा डबा आणला. बटण दाबलं की सूं करून हवा सुटते. हा डबा उभा धरायचा असतो. कलता केला तर आतला द्रव तसाच बाहेर येतो, आणि तोही हाडं गोठवणारा गार. हे डब्यावर लिहिलेलं असतं. मी ते नंतर वाचलं. खालच्या कप्प्यातला तलवारबाज तोंडावर पांढरं दव घेऊन उभा राहिला आणि क्षणभर मला वाटलं, याला हेच शोभतंय. मग दव उतरलं आणि चेहऱ्यावर डाग दिसला. आता तो पाठमोरा उभा असतो. येणाऱ्यांना मी सांगतो, तो चिंतनात आहे.

काही जणांचं मात्र ब्रशने भागत नाही. घरात तेलाची वाफ फिरत असते, ती धुळीला धरून बसते आणि थर चिकट होतो. शिवाय पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे पुतळे स्वतःही घामेजतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षांत हळूहळू पृष्ठभागावर येतं, आणि बंद पेटीत ठेवलं तर आणखीच. पेटी उघडली की प्रवासाहून परतलेल्या माणसाच्या बॅगेसारखा वास येतो. अशांना आंघोळ घालावी लागते.

आंघोळीचा बेत मी सुट्टीच्या दिवशी ठेवतो. टबात कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब, हातात लहान मुलांचा दात घासायचा ब्रश. पाणी फार गरम नको. लेगोच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटाही ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम पाण्यात धुऊ नका, असं त्यांची कंपनीच सांगते. मोरीच्या तोंडावर जाळी ठेवायची, कारण या वीरांचे अंगठे तांदळाच्या दाण्याएवढे असतात. गरम पाण्याचा एक फायदाही आहे. वाकलेली पीव्हीसीची तलवार त्यात काही सेकंद धरली की नरम पडते, मग सरळ करून लगेच थंड पाण्यात बुडवली की तशीच ताठ राहते. हे शिकल्यावर मी इतका हुरळलो, की जी मुळातच वाकडी घडवलेली होती ती तलवारही सरळ करून टाकली.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. डाग जात नाही म्हणून नखांचं पॉलिश काढायचं औषध वापरू नका. त्यात बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं. अ‍ॅसिटोनने आधी रंग जातो, आणि पुतळा एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचा असेल तर त्यापाठोपाठ प्लास्टिकही विरघळायला लागतं. माझ्याकडच्या हिरव्या गृहस्थाला पूर्वी नाक होतं.

धुऊन झालं की सगळ्यांना टॉवेलवर आडवं करायचं. त्या क्षणी खोलीत कुणी आलं तर घनघोर युद्ध नुकतंच संपलंय असा भास होतो: इकडे धडं, तिकडे पंख, मधे एका रांगेत शिरस्त्राणं. बरेचसे आतून पोकळ असतात, त्यामुळे वरून कोरडे दिसले तरी आत पाणी राहतं. एक पंखवाला तीन दिवस टाचेतून थेंब थेंब गळत होता. कपाटाच्या काचेवर धुकं धरलं तेव्हा उलगडा झाला.

मी असा गुडघ्यांवर बसून सतराव्या पायाच्या बोटांमधली घाण काढत असताना बायको दारात येऊन उभी राहिली.

“किती वेळ चालणार आहे तुझं बाहुल्यांचं?”

“बाहुल्या नाहीत या. अ‍ॅक्शन फिगर आहेत.”

“फरक काय?”

मी सरसावून बसलो. म्हटलं, १९६४ साली अमेरिकेत हॅसब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. जवळजवळ फूटभर उंच, सांधे हलणारे, अंगावरचे कपडे बदलता येणारे. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत अशी धास्ती होती, म्हणून मुद्दाम ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द काढला.

“म्हणजे बाहुलीच की,” ती म्हणाली आणि गेली. साठ वर्षं टिकलेली जाहिरात तिने एका वाक्यात निकालात काढली.

त्याच दिवशी हात हरवला.

हा हात माझ्या सगळ्यात लाडक्या पांढऱ्या यंत्रमानवाचा. पंधरा सेंटिमीटरचा गडी, छातीत बारीक दिवा, त्यामुळे त्याला आंघोळ वर्ज्य. नुसता कोरडा ब्रश. खाचा नीट साफ व्हाव्यात म्हणून त्याचे हात काढून ठेवायचे असतात. मधेच फोन वाजला. सुटे भाग हरवू नयेत म्हणून मी ते नेहमी त्या क्षणी सुचेल त्या सुरक्षित जागी ठेवतो, तसा तोही ठेवला. फोन आटोपून आलो तर डावा हात होता, उजवा नव्हता.

टब उपसला. जाळी तपासली. टॉवेल झटकले. बहात्तर जणांची झडती घेतली. शेवटी आठवलं की मधे आपण फरशीवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवला होता. मग मी वर्तमानपत्र पसरलं, क्लीनरची पिशवी त्यावर उलटी केली, आणि जिला घराबाहेर काढण्यासाठी मी निम्मं आयुष्य घालवलं ती धूळ चाळणीने चाळत बसलो. त्यात एका तलवारबाजाची दोन वर्षांपूर्वी गेलेली म्यान सापडली, एक चाक सापडलं, केसांचा एक पुंजका सापडला जो ड्रॅगनचा नसून माझा होता. हात नव्हता. खोलीभर उडालेली धूळ नुकत्याच धुतलेल्या वीरांवर मात्र सावकाश, समसमान बसली.

परत मांडायला दीड दिवस लागला. हे काम कुणी मोजत नाही, पण खरा वेळ त्यातच जातो. एका पायावर झेप घेणारे वीर खरं तर एका पायावर उभे राहू शकत नाहीत. त्यांना तोलून धरायचं, श्वास रोखून हात मागे घ्यायचा, दार हळूच लावायचं. दार लागतं आणि आत टक् असा आवाज येतो. एक पडला की शेजाऱ्याला घेऊन पडतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. आजवर धुळीने माझ्या एकाही वीराचा पाय मोडलेला नाही. जे मोडले ते सगळे स्वच्छतेच्या मोहिमेत कामी आले.

यंत्रमानवाला मी उजवी बाजू भिंतीकडे करून, ड्रॅगनच्या पंखाआड उभा केला. वाटलं, कुणाच्या लक्षात यायचं नाही.

दहाएक दिवसांनी बायको कपाटासमोरून जाता जाता थांबली.

“याचा हात कुठे गेला?”

मी थक्क झालो. जिला हे सगळे सारखेच दिसतात, तिला पंखाआडचा हात दिसला! मी पडेल आवाजात सगळी हकीकत सांगितली. ती काही न बोलता आत गेली, बटणांचा डबा घेऊन आली, आणि त्यातून चिमटीत धरून एक वस्तू काढली.

“तुझ्या शर्टाच्या खिशातून निघालं. वॉशिंग मशिनच्या रबरात अडकलं होतं. मला वाटलं, बटण आहे कसलंतरी.”

मी हात बसवला. टक् करून बसला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. कपड्यांबरोबर अख्खा तास घुसळून निघालेला तो हात इतका लख्ख पांढरा झाला होता, की बाकीचा यंत्रमानव त्याच्यापुढे मळकट दिसायला लागला. यंत्रमानव मळकट दिसला म्हणून ड्रॅगनकडे बघितलं. ड्रॅगनकडे बघितलं आणि मग वरच्या कप्प्याकडे.

मी ब्रश आणायला गेलो.

“माझा घेऊ नकोस,” आतून आवाज आला.