वीज वाचवा, वाडा झाका

अभिनंदन! पेठेतल्या जुन्या वाचनालयाच्या नूतनीकरण समितीवर तुमची वर्णी लागली. वाडा दोन चौकांचा, खांब सागवानी, भिंती अडीच फूट जाड आणि विजेचं बिल फार येतं अशी सभासदांची ओरड. अजिबात घाबरू नका. मी अशाच एका समितीवर चार वर्षं काढली आहेत. आमच्या वाड्यात आता एकही जुना दिवा उरलेला नाही आणि बिल जवळपास दुप्पट येतं. तेव्हा अनुभवाचे बोल आहेत, ऐका.

पहिली पाहणी रात्री आठला ठेवा. दिवसा गेलात तर घात होईल. सकाळी अकराला चौकात उभं राहिलं की दिसतं, फरशीवर पडलेलं ऊन समोरच्या भिंतीवर जातं, तिथून ओसरीवर येतं आणि खांबाला टेकून बसलेला माणूस दिवा न लावता पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. मग कुणीतरी विचारतं, ‘‘अहो, दिवसा हे दिवे जळतात कशाला?’’ असल्या प्रश्नातून निविदा निघत नाही. रात्री सगळे दिवे लावून, माना वर करून फिरा. अंधार आहे यावर तेव्हा एकमत होतं.

उजेड कमी का पडतो, याच्या मुळाशी तर जाऊच नका. आमच्याकडे एका निवृत्त ओव्हरसियरना ती खोड होती. ते शिडी लावून वरच्या तावदानांपर्यंत गेले, काचेवर बोट फिरवलं आणि ते काळं बोट सभेत सगळ्यांना दाखवलं. पारव्यांची घाण, उदबत्तीची काजळी, कधीकाळी मारलेल्या रंगाचे ओघळ. त्यांचं म्हणणं, एक माणूस, एक शिडी, दोन दिवसांची मजुरी. आता एवढ्याशा रकमेचा ठराव मांडायचा तरी कसा? अनुमोदन द्यायला हात वर करायचीसुद्धा लाज वाटते.

शिवाय ते भिंतींना पुन्हा चुन्याची सफेदी द्या म्हणत होते. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला पाऊण हिस्सा खोलीला परत देते म्हणे. आम्ही अक्रोडी रंगाचं लॅमिनेट लावलं. ते बहुतेक सगळा उजेड गिळतं, पण ‘हेरिटेज लुक’ येतो. पश्चिमेच्या खिडक्या आतून प्लायवूडने बंद करून त्यावर ट्रॉफ्यांची कपाटं ठोकली. ट्रॉफ्या छान दिसतात. कपाटात दिवे आहेत.

आता मुख्य काम, म्हणजे छत. जुनी तक्तपोशी आणि तुळया लोकांना दिसल्या तर ते वर बघत बसतात, वाचत नाहीत. त्यामुळे पीओपीचं फॉल्स सीलिंग हवंच. त्यात गोल भोकं पाडा आणि दिवे बसवा. टेबलावर खाली वाकलेला एक छोटा दिवा ठेवला तर पुस्तकापुरता उजेड फार कमी विजेत मिळतो, हे खरं आहे. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, हे शाळेत शिकलो होतो. पण टेबललॅम्पचं उद्घाटन कोण करणार?

इथे हिशेब समजून घ्या, वार्षिक सभेत उपयोगी पडेल. आमच्याकडे आधी २४ ट्यूबलाइट होत्या, त्या जाड्या, ४० वॉटच्या. जुन्या चोकची १२-१३ वॉटची भर धरली तर सगळ्या मिळून साडेबाराशे वॉट. नुसत्या ट्यूब बदलून २० वॉटच्या एलईडी लावल्या असत्या तर ४८० वॉटवर काम भागलं असतं आणि विषय एका दुपारी संपला असता. तो धोका आम्ही टाळला. छतात १२ वॉटचे ७२ दिवे घेतले, म्हणजे ८६४. छताच्या कडेने आत लपवलेली ६० मीटर पट्टी, मीटरला १४ वॉट, म्हणजे ८४०. दर्शनी भागावर झोत टाकायला १०० वॉटचे सहा फ्लडलाइट. बेरीज २३०४. अहवालात मात्र बेरीज लिहायची नसते. लिहायचं ते असं : ‘‘६० वॉटच्या बल्बचं काम ९ वॉटचा एलईडी करतो, म्हणजे ८५ टक्के बचत.’’ वाक्य शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडे ६० वॉटचा बल्ब एकच होता, संडासात, ही गोष्ट वेगळी.

दिवे घेताना खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलेच घ्या; केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. २७०० केल्विनच्या पिवळसर उजेडात सागवान सागवानासारखं दिसतं आणि लोकांना उगाच आजोळ आठवतं. ६५०० मध्ये तोच खांब मेडिकलच्या दुकानातला वाटतो. पोथ्यांच्या कपाटावर तर दोन दिवे जास्तच लावा. जुना कागद आणि कापड ५० लक्सपेक्षा जास्त उजेडात ठेवू नये असं संग्रहालयवाले सांगतात, कारण शाई विटते ती कायमची. पण देणगीदाराला पोथी दिसली पाहिजे, ती टिकली पाहिजे असं थोडंच आहे?

वायरिंगबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, कारण इथे मला विनोद सुचत नाही. लाकडी पट्टीवरची, कापडी वेष्टणाची ती जुनी वायर बदलायलाच हवी. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, १८०७ च्या विश्रामबागवाड्याला १८७९ मध्ये आग लागली, तेव्हा तर पुण्यात विजेचा पत्ताही नव्हता. सागवानाला पेटायला वायरची गरज नसते, मदत मात्र होते. असो. बदलायची कशी, ते ऐका. भिंतीवरून पट्टी नेली तर वायर पुढे कधीही काढता येते आणि भिंत शाबूत राहते, म्हणून ते नको. ग्राइंडर घ्या, चुन्याच्या गिलाव्यात झिऱ्या मारा आणि वरून सिमेंट थापा. पहिल्या पावसाळ्यात सिमेंटच्या दोन्ही बाजूंनी ओल फुटते आणि वायर नेमकी कुठून गेली आहे ते नकाशाशिवाय कळतं.

सेन्सरही बसवा. माणूस हलला की दिवा लागतो, हलला नाही की विझतो. वाचनालयात माणसं हलत नाहीत, ही अडचण आमच्या लक्षात उद्घाटनानंतर आली. आता संदर्भ विभागात दर पाच मिनिटांनी कुणीतरी माशी हाकलल्यासारखा हात हलवतं, लगेच दिवे लागतात आणि सगळे पुन्हा माना खाली घालतात. एक जोशीकाकू स्वेटर विणायचं सामान घेऊन येतात. त्या असल्या की त्यांच्या टेबलाशी गर्दी होते.

कुणी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण द्यायला लागलं तर विषय बदला. १८७२ ची इमारत, २००३ ते २००८ अशी पाच वर्षं एकेक गोष्ट तपासत दुरुस्त केली, युनेस्कोचा पुरस्कार मिळवला. ठीक आहे. पण पाच वर्षांत आपल्याकडे दोन कार्यकारिण्या बदलतात, मग कोनशिलेवर नाव कुणाचं घालायचं?

दर्शनी भागाचे ते सहा फ्लडलाइट रंग बदलणारे घ्या. आमचे पंधरा ऑगस्टला तिरंगी झाले, ते रिमोट हरवल्यामुळे दिवाळीपर्यंत तसेच राहिले. समोरच्या पिंपळावरची वटवाघळं गेली, समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी जाड पडदे घेतले.

एवढं सगळं करूनही एक माणूस तुम्हाला त्रास देईल. आमच्याकडे ते सत्तरीचे सभासद आहेत. रोज दहाला येतात, अंक घेतात, बहात्तर दिव्यांखालून सरळ चालत जातात आणि मागच्या माडीवर, जिन्याशेजारच्या खिडकीत खुर्ची ओढून बसतात. तिथे दिवाच नाही. परवा अध्यक्षांनी विचारलं, ‘‘काका, आत एवढी सोय केलीय, इथे काय बसता?’’ काका म्हणाले, ‘‘इथे दिसतं.’’

ती खिडकी दुसऱ्या टप्प्यात घेतली आहे.