गॉडझिलामागचे होंडा

१९५४च्या 'गॉडझिला' या जपानी राक्षसपटाचं कौतुक निघालं की सगळं श्रेय स्पेशल इफेक्ट्सना मिळतं. एइजी त्सुबुरायांचं काम थोरच आहे. पण दिग्दर्शक इशिरो होंडा होते, आणि 'विख्यात दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे मित्र' एवढ्यावर त्यांची बोळवण होते, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

आधी इफेक्ट्सचा हिशोब पाहू. प्राणी ५० मीटर उंच आणि त्याच्यासाठी नटाने घालायचा सूट साधारण २ मीटरचा, म्हणून इमारती १:२५ मापाच्या. उंची २५ पट घटली की कोसळायचा वेळ ५ पट घटतो. नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमने शूट केलं तर इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी झटकन पडते. म्हणून कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर तेच संथ दिसतं. मग प्रत्येक फ्रेमला प्रकाश कमी पडतो, लाइट वाढवावे लागतात, आणि आधीच जवळपास १०० किलोच्या सूटमध्ये प्राणी साकारणारे नट हारुओ नाकाजिमा उकडून निघायचे. पहिला सूट तर इतका कडक झाला, की त्यात धड चालताही येईना; शेवटी कापून त्याचा खालचा भाग पायांच्या शॉट्सना वापरला. पाणी आणि आग मात्र लहान होत नाहीत. थेंब थेंबाएवढाच राहतो, आणि मॉडेलचं बिंग तिथेच फुटतं.

एवढं सगळं जमलं तरी त्यातून मिळतं ते प्राण्याचं वजन. भीती मात्र होंडांनी आणलेली आहे. सैन्यात पुन्हा पुन्हा बोलावणं येऊन त्यांची कित्येक वर्षं चीनमध्ये गेली; १९४६मध्ये परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिलं. १ मार्च १९५४ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकन अणुचाचणीची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर पडली, आणि त्याच नोव्हेंबरात आलेला हा सिनेमा समुद्रातल्या लखलखाटात बुडणाऱ्या जहाजापासून सुरू होतो. हल्ल्यानंतरचं इस्पितळ बघा: लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर धरलेला, आजूबाजूला जमिनीवर जखमी. या दृश्यात प्राणी कुठेही नाही, तरी सबंध सिनेमात अंगावर येतं ते हेच.

साठच्या दशकात तोहो या त्यांच्या स्टुडिओला हलकीफुलकी राक्षसयुद्धं हवी होती. होंडांनी तीही इमानाने केली. १९७५नंतर त्यांनी स्वतःचा सिनेमा केला नाही. 'कागेमुशा'पासून 'मादादायो'पर्यंत ते कुरोसावांच्या सोबत उभे राहिले, आणि फेब्रुवारी १९९३मध्ये गेले.

बघायचाच तर ९६ मिनिटांचा जपानी 'गॉडझिला' बघा. १९५६च्या ८० मिनिटांच्या अमेरिकन आवृत्तीत रेमंड बर या नटाची दृश्यं घुसडली आहेत आणि अणुबॉम्बचा विषय बोथट केला आहे. त्यानंतर लगेच 'मातांगो' (१९६३) लावा. त्यात एकही शहर पडत नाही. बेटावर अडकलेली, भुकेने एकमेकांवर उलटणारी माणसं, आणि खाल्ल्यावर माणसाचं अळंबं करणारी अळंबी. होंडांचा दिग्दर्शक म्हणून वकूब किती होता, ते यात इफेक्ट्सच्या गदारोळाशिवाय दिसतं.