शांत कॉलनीतला पावणा

रविवारी सकाळी साडेसहाला कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जमायचं, हा आमचा आठ-नऊ वर्षांचा नेम. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस. पैलवान दोन ग्लास मारतो, बाकीचे एकेक. पैलवान आता नावालाच. तालीम सुटून पंधरा वर्षं झाली, खुराक तेवढा सुटला नाही. या रविवारी मी उशिरा आणि तोंड पाडून पोचलो, त्यावरनं सगळं सुरू झालं.

“काय झालं रं? बायकोनं हाणलं काय?”

“घर सोडायचंय. मालकांचा मुलगा पुण्याहून येणाराय म्हणं.”

“येत न्हाई त्यो,” वकील फेस पुसत म्हणाला. “पुण्याला गेलेला मुलगा फक्त भाडेकरू काढायच्या वेळीच येतो. पुढच्या महिन्यात बघ, हजार रुपये जादा देणारा कुणीतरी राहिलेला असतोय तिथं.”

सहा वर्षांत हे माझं तिसरं घर, आता चौथं शोधायचं. मी मूळचा गडहिंग्लजकडचा, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, राहायला आर. के. नगरच्या बाजूला एका कॉलनीत, वरच्या मजल्यावर. कॉलनीचं नाव सांगून उपयोग नाही, सगळ्या एका साच्यातल्या. पहाटे कानटोप्या घालून फिरायला निघणारे निवृत्त लोक, दारात तुळस, गेटवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ची पाटी आणि आत कुत्रंच नाही. जाहिरातीत दोन शब्द ठरलेले असतात, ‘शांत परिसर’. मी एवढंच म्हणालो, की मला त्या शांततेचाच वीट आलाय.

“मग ये की पेठेत!” पैलवान उसळलाच. मंगळवार पेठेत त्याची तिसरी पिढी. “आमच्यात रात्री बाराला कुणाला कळ आली तर चार पोरं गाडी काढत्यात. तुमच्यात माणूस मेला तरी वास आल्याशिवाय कळायचं न्हाई.”

“तुमच्यात माणूस झोपला तरी कळत न्हाई, ढोल-ताशा चालूच,” आण्णा म्हणाले. आण्णांचं घर कळंब्याच्या बाजूला. खाली स्वतः, वर दोन खोल्या भाड्यानं. म्हणजे चर्चेत समोरची पार्टी आपोआप तयार.

मला ढोल-ताशाबद्दल बोलायचंच नव्हतं. आवाज नको म्हणूनच मी तिकडं गेलो होतो. पहिल्या वर्षी पहाटे मोर ओरडायचा तर मी गावाकडं फोन करून सांगायचो. पण हळूहळू लक्षात आलं, की ती शांतता सगळ्यांसाठी असली, तरी पाळायची मी. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. रात्री नऊनंतर वॉशिंग मशीन नाही. गाडी गेटपासून बंद करून ढकलत आणायची. पोरगं घरात पळालं, की खालून छताला काठीचा टोला. आणि मालकांच्या नातीचा वाढदिवस झाला तेव्हा साउंड सव्वाबारापर्यंत चालू. सकाळी जिन्यात भेटले तर हसत म्हणाले, ‘काल आमच्यात जरा फंक्शन होतं.’ मालकांकडं असतं ते फंक्शन, भाडेकरूकडं होतो तो दंगा.

“मग काय, तुझ्या परवानगीनं वाढदिवस करायचा त्यांनी? घर त्यांचं.”

“घर त्यांचं आण्णा, पण भाडं मी कशाचं देतो? हवेचं?”

“राहायचं देतोस. मालकी गाजवायचं न्हाई.”

इथं पैलवानानं मटणाचा विषय काढला, आणि त्याच्यासारख्या माणसानं तो काढल्यावर पंधरा मिनिटं दुसरं काही होत नाही. माझ्या दुसऱ्या घराची अट होती: आत अंडंसुद्धा शिजवायचं नाही. “कोल्हापुरात?” पैलवान ग्लास ठेवून उभाच राहिला. “२०१९ ला मटणाचा दर वाढला म्हणून ज्या गावात आंदोलन झालं, त्या गावात? रविवारी तू करत काय हुतास?” डबा घेऊन मेव्हण्याकडं जायचो. पांढरा रस्सा तिथंच प्यायचो, तांबडा डब्यात आणायचो आणि खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून जेवायचो. एकदा मालकीणबाई वर आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, ‘आज पूजा केलीत वाटतं!’ ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. सांगायला नको होती. पैलवान अजून मला ‘पूजा’ म्हणतोय.

हसणं ओसरल्यावर आण्णा मात्र गंभीर झाले. त्यांची बाजू मी पहिल्यांदाच नीट ऐकली. त्यांच्या वडिलांचं शुक्रवार पेठेत जुनं घर. पुढच्या दोन खोल्यांत एक कुटुंब आण्णांच्या जन्माआधीपासून भाड्यानं. भाडं महिन्याला साठ रुपये. तेही मनीऑर्डरनं यायचं, म्हणजे पावती तयार. वाशे कुजले, पावसाळ्यात भिंत फुगली; दुरुस्ती करायची तर साठ रुपयांत काय येणार? आणि रिकामं करा म्हटलं तर दावा. “आबांनी आयुष्यभर एकच सांगितलं, घर दे, पण माणसाला मुरू देऊ नको. म्हणून मी दोन वर्षं झाली की भाडेकरू बदलतो. चांगला असला तरी बदलतो. चांगला असला तर आधी बदलतो.”

“आबांचा काळ १९४७ च्या कायद्याचा, आण्णा,” वकील म्हणाला. त्याला अशी संधी कुणी देऊ नये. “तो गेला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवर घर दिलंय ना? मग मुदत संपली की तो माणूस भाडेकरूच नव्हे. कलम २४. बसून राहिला तर दुप्पट रक्कम मागता येते. तुम्हाला कसली भीती?”

“कागद हाय की. नोटरी केलाय, अकरा महिन्यांचा.”

“हां! आता आलासा ताब्यात.”

मग त्यानं जे सांगितलं त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवायलाच लागतो, हा १९०८ च्या नोंदणी कायद्यातला नियम, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्रात ती कधीच बुजलीय. कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की पाच, लेखी करायचा आणि नोंदवायचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढं: कागद नोंदवलेला नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. उलटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं.

आण्णांचा ग्लास ओठाजवळच थांबला. “म्हणजे भाडं पाच हजारच ठरलं हुतं म्हणाला तर?”

“तर तुम्ही पुरावे शोधत बसा.”

“खर्च किती येतोय नोंदणीला?”

वकिलानं माझंच उदाहरण घेतलं. नऊ हजार भाडं, अकरा महिने, म्हणजे ९९ हजार. अनामत ३० हजार, तिच्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं. या सगळ्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. आला अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन, अंगठा लावून, घरबसल्या होतं. “एका रविवारच्या मटणात बसतंय आण्णा. पाहुणे आले तर जास्तच लागतंय.”

यावर कुणीतरी म्हणालं, आमच्या कॉलनीकडची मोरेवाडी, पाचगाव ग्रामपंचायतीत, मग तिथं ५००. हद्दवाढ झाली तर १०००. हद्दवाढ हा शब्द आमच्या कट्ट्यावर बंद आहे. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासूनचं भांडण आम्ही एका सकाळी मिटवणार नाही. वकिलानं हात वर केला आणि विषय थांबवला.

मला त्या हिशेबापेक्षा दुसरंच सलत होतं, ते मी बोलून टाकलं. गेल्या महिन्यात कॉलनीत गतिरोधकासाठी बैठक होती. रस्ता माझ्या दारासमोरचा, पोरगं माझं खेळतंय, म्हणून गेलो. खुर्चीवर बसायच्या आधी एक काका गोड आवाजात म्हणाले, ‘पावणं, तुमचे मालक आले न्हाईत वाटतं?’ सूचनेवर लिहिलेलंच होतं, ‘सर्व प्लॉटधारकांची बैठक’. गणपतीची ५०१ ची पावती फाडायला आले तेव्हा प्लॉटधारक विचारलं नव्हतं. सहा वर्षं झाली या भागात, अजून मी पावणाच. आणि कोल्हापुरात पावणं कुणाला म्हणतात ते सांगायला नको. रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाला.

“मतदार यादीत नाव कुठं हाय तुझं?” आण्णांनी नेमकं बोट ठेवलं.

गावाकडं. चुलतभाऊ निवडणुकीला उभा असतो, म्हणून ठेवलंय.

“मग? स्वतःच पावणा ऱ्हायलास की. पत्ता बदलायचा फॉर्म आठ भरायला कुणी अडवलंय?”

उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आण्णांना द्यायला जमलं नाही. दर दोन वर्षांनी पत्ता बदलणाऱ्या माणसाला नाव कुठं हलवायचं हेच कळत नाही. आधारवर पहिल्या घराचा पत्ता, बँकेत दुसऱ्याचा, गॅसच्या पुस्तकावर गावाचा. शिवाय खरं सांगायचं तर मीही मनानं तिथं उतरलेलो नाही. भिंतीला खिळा मारायचा नाही ही अट मालकांची, पण कुंडीसुद्धा मी आणली नाही, हे त्यांनी कुठं सांगितलं होतं? आणि आताच्या घरच्या मालकीणबाईंनी, आम्ही दोघंही तापानं पडलो होतो तेव्हा, चौदा दिवस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डबा ठेवलाय. दोन्ही वेळचा. छताला काठी मारणारा आणि डबा ठेवणारा हात एकाच घरातला. हे मी कट्ट्यावर सांगितलं नाही. माझी बाजू पडली असती.

तेवढ्यात पैलवानाची मावसबहीण आली, किटली घेऊन. ती एका हॉस्पिटलात नर्स आहे, नाईट करून सरळ इकडंच. आम्ही सगळे ताईच म्हणतो. पैलवानानं तिला बसवलं. “ही बघ, हिला विचार घर शोधणं काय असतंय ते.”

“काल तीन बघून आलो,” ती म्हणाली. कोल्हापूरची बाई, ‘आले-गेले’ बोलेल कशाला. “पहिल्यात म्हणाले, एकट्याच? म्हटलं व्हय. मग म्हणाले, नाईट असती? म्हटलं असती. गेट दहाला बंद होतंय म्हणाले. दुसरं नागाळा पार्कात खाली होतं, चांगलं होतं, भाडं पण कमी.”

“पाणी?” तिघांनी एकदम विचारलं. २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापुरात घर बघताना हा पहिला प्रश्न आहे, देवघर कुठं हा दुसरा.

“तेच की. मालक म्हणाले, एकोणीसला आलतं, एकवीसला पायरीपर्यंतच आलतं. पायरीपर्यंतच! पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याला पातळी ४३ फुटांवर, धोक्याच्या खुणेवर गेली की ड्यूटीवर जाऊ का भांडी वर ठेवू?”

“मग उंचावर ये, आमच्याकडं,” मी म्हणालो. “तिकडं घरात पाणी येतंय, आमच्याकडं नळाला येत न्हाई, एवढाच फरक. टँकरची वर्गणी मात्र भाडेकरूकडनं बिनचूक घेतात.”

“आणि तिसरं?” वकिलानं विचारलं.

ताई किटलीचं झाकण फिरवत राहिली. “तिसऱ्यात चहा दिला. सगळं आवडलं त्यांना. मग आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात कुठं राहता विचारलं. मग म्हणाले, घरात विचारून सांगतो.”

यावर कुणी हसलं नाही. गावात कुठं, म्हणजे कुठल्या गल्लीत, म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना कळतं. वकीलच बोलला, आणि या वेळी कलमं न काढता. “दसरा चौकात उभं राहून गोल फिरलं तरी बोर्डिंगं दिसत्यात. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम. १९०१ पासून शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांना शहरात राहायला जागा करून दिली, १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढलं. खेड्यातनं आलेल्या पोराला कोल्हापुरात कुणी खोली देईना, म्हणून. सव्वाशे वर्षांनी आपण चहा पाजून आडनाव विचारतोय.”

“आमच्यात ऱ्हा म्हटलं असतं,” पैलवान पुटपुटला, “पण खोल्या तीन आणि माणसं अकरा.”

“सकाळपासनं पेठ पेठ करतोयस,” मी म्हणालो. तो गप्प. पेठेत माणुसकी आहे, जागा नाही. आमच्याकडं जागा आहे. पुढचं वाक्य मी गिळलं.

गाडी पुन्हा भाड्यावर आली. आण्णा सांगायला लागले, की ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं चौकशा वाढल्यात, वकील लोक चांगलं भाडं देतील. “म्हणजे आता माझ्यामुळं भाडी वाढली होय?” वकील म्हणाला. कागदावर भाडं ८३०० च दाखवायचं, उरलेलं रोख, हा आण्णांचा दुसरा मुद्दा. वर्षाला लाखाच्या वर गेलं, की भाडेकरू त्याच्या ऑफिसात द्यायला मालकाचा पॅन नंबर मागतो. वकिलानं कपाळाला हात लावला.

ऊन गंगावेशीच्या छपरांवर आलं. म्हशी आटपायला लागल्या, ताईची किटली भरली. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळून सरळ म्हणाली, “आण्णा, तुमच्या वरच्या खोल्या मोकळ्या हाईत नव्हं?”

आण्णांनी ग्लास विसळला. खरं तर तो विसळायचा नसतो, गवळीच विसळतो.

“हाईत की,” ते म्हणाले. “म्हंजे... जरा रंग काढायचाय. करतो फोन. घरात विचारून सांगतो.”